अंशावरून पूर्णाचा हिशेब

ज्या वस्तूला वजन नाही, आकार नाही आणि जी एकदा वापरली की तिचा मागमूसही उरत नाही, अशी वस्तू लोकांना विकायची आणि महिनाअखेर तिचे पैसे तंटाबखेडा न होता वसूल करायचे, हा प्रश्न वीज विकणाऱ्या पहिल्या मंडळींपुढे दिवे लावण्याच्या प्रश्नाइतकाच बिकट होता. दिवा टिकावा कसा, ह्याचे उत्तर एडिसनला १८७९ मध्ये सापडले; परंतु कोणाच्या घरी तो किती जळला, ह्याचे ग्राहकाला आणि विक्रेत्याला सारखेच मान्य होईल असे उत्तर सापडावयास त्यानंतर बराच काळ जावा लागला, आणि खरे सांगायचे तर त्या उत्तराच्या काही बाजू अजूनही वादाच्याच आहेत.

न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. तेथील ग्राहकांसाठी त्याने जे मोजमापाचे साधन योजिले होते ते पाहिले म्हणजे आजच्या वाचकाला गंमत वाटेल. एक काचेची बरणी, तीत जस्ताच्या क्षाराचे पाणी आणि त्या पाण्यात बुडविलेले जस्ताचे दोन पत्रे, एवढाच तो सरंजाम. घरात येणारा सगळा प्रवाह ह्या बरणीतून जात नसे. त्याचा अगदी बारीकसा, परंतु ज्याचे प्रमाण पक्के ठाऊक आहे असा एक अंश तेवढा तीतून वळविलेला असे, आणि त्या अंशाच्या योगाने एका पत्र्यावरचे जस्त झिजून दुसऱ्यावर चढत असे. महिन्याकाठी कंपनीचा माणूस येई, पत्रे काढून नेई, काट्यावर त्यांचे वजन करी आणि वजनातील फरकावरून बिलाचा आकडा निघे. थंडीत पाणी गोठे, म्हणून पेटीत एक दिवाही ठेवावा लागे, तो थंडी वाढली की आपोआप लागे. ग्राहकाला मात्र आपण किती वीज वापरली ह्याची खातरजमा करण्याचा कोणताही मार्ग नव्हता. कंपनीच्या काट्यावर विश्वास ठेवणे एवढेच त्याच्या हाती होते. हे साधन लवकरच मागे पडले, परंतु त्यामागची कल्पना, म्हणजे मूळ प्रवाहाला हात न लावता त्याचा एक लहानसा अंश बाजूला काढायचा आणि शितावरून भाताची परीक्षा करावी तशी त्या अंशावरून पूर्णाची किंमत ठरवायची, ही कल्पना मागे पडली नाही. विद्युत्मापनाचा पुढचा जवळजवळ सगळा इतिहास हा त्या अंशाच्या खरेपणाचा इतिहास आहे.

प्रत्यावर्ती प्रवाहाचे युग आले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी ह्या तिघांनी बंद लोहगाभ्याचे रोहित्र सिद्ध केले, आणि विजेचा दाब हवा तेव्हा चढविता व हवा तेव्हा उतरविता येऊ लागला. १८८८ मध्ये वेस्टिंगहाऊस कंपनीतील शॅलेनबर्गर एका नव्या दिव्याची तपासणी करीत असता एक सुटी स्प्रिंग गळून पडली आणि चुंबकीय क्षेत्रात ती आपोआप फिरते असे त्याच्या ध्यानात आले. त्या निरीक्षणातून त्याने थोड्याच अवधीत फिरत्या तबकडीचा मीटर तयार केला. तो केवळ अँपिअर-तास मोजी. दाब कायम आहे आणि भार सगळा दिव्यांचाच आहे असे गृहीत धरले तर त्याचा हिशेब बरोबर येई. दुसऱ्याच वर्षी, १८८९ मध्ये, ब्लाथीने बुडापेस्टला प्रत्यक्ष ऊर्जा मोजणारा प्रेरण-मीटर काढला, आणि त्याच सुमारास अमेरिकेत एलिहू थॉमसननेही आपला वॅट-तास मीटर पुढे आणला. १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत आंद्रे ब्लॉन्डेल ह्या फ्रेंच पंडिताने कितीही तारांच्या मंडलातील शक्ती मोजावयास तारांच्या संख्येहून एक कमी इतके वॅटमीटर पुरेसे होतात हा सिद्धान्त मांडला, आणि त्रिकला मापनाला शास्त्राचा पाया मिळाला.

परंतु ह्याच काळात वीज कोणत्या दाबाने वाहू लागली होती? लंडनजवळ डेटफर्ड येथे फेरांटीने १८९० च्या सुमारास १०,००० व्होल्टचे केंद्र उभारले. अशा तारेत मीटर सरळ गुंफावा तर त्याच्या पेटीला हात लावणाऱ्याचा जीव जायचा; आणि दाबाची भीती बाजूस ठेवली तरी शेकडो अँपिअरची जाड पट्टी मीटरच्या नाजूक वेटोळ्यातून न्यावयाची कशी, हा प्रश्न राहतोच. एडिसनची युक्तीही येथे चालण्यासारखी नव्हती, कारण त्या युक्तीत वळविलेला अंश मूळ तारेलाच चिकटलेला असे, आणि तारेवरचा प्राणघातक दाब त्याच्यासह मीटरपर्यंत येई. तेव्हा अंश असा हवा होता की जो मूळ प्रवाहाशी प्रमाणाने बांधलेला आहे परंतु तारेने बांधलेला नाही. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेल्या प्रेरणाच्या नियमात ही सोय तयारच होती. लोखंडाच्या कड्यातून मुख्य तार न्यावी, कड्यावर बारीक तारेचे ऐंशी वेढे द्यावे आणि त्या वेढ्यांची टोके मीटरला जोडावी, म्हणजे मुख्य तारेत ४०० अँपिअर वाहत असता मीटरकडे बरोबर ५ अँपिअर जातील, आणि मीटरजवळ उभा असलेला माणूस निर्धास्त राहील. हेच धारा-रोहित्र, आपल्याकडे वायरमनपासून अधीक्षक अभियंत्यापर्यंत सगळे त्याला नुसते 'सीटी' म्हणतात.

ह्या 'बरोबर' शब्दात मात्र सगळी मेख आहे. कड्यातील लोखंड चुंबकित होण्यासाठी स्वतः थोडा प्रवाह खाते, आणि तो मूळ प्रवाहातूनच खाते. जेवढे ते खाईल तेवढे मीटरपर्यंत पोहोचत नाही. हे खाणे जर नेहमी ठराविक टक्केवारीने झाले असते तर एका साध्या गुणकाने हिशेब सरळ करता आला असता. परंतु स्टाइनमेट्झने १८९२ मध्ये दाखविले की लोखंडातील ऱ्हास हा चुंबकीय घनतेच्या १.६ व्या घाताच्या जवळपास वाढतो, म्हणजे प्रवाहाशी तो सरळ प्रमाणात नसतो. आणि त्यात भर अशी की अगदी थोड्या चुंबकनात लोखंड अधिकच आळशी असते. परिणाम असा की, गिरणी पूर्ण चालू असता खरे बोलणारा सीटी, रात्री चार दिवे आणि एक पंप चालू असता कमी आकडा सांगू लागतो. चुकीचा हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे: मीटरकडे गेलेला प्रवाह मूळ प्रवाहाच्या वेळेशी तंतोतंत जुळत नाही, काही कलांनी पुढे सरकतो. भार केवळ दिव्यांचा असेल तर ह्या सरकण्याने काही बिघडत नाही. परंतु भार मोटारींचा असून शक्तिगुणक ०.५ पर्यंत घसरलेला असेल तर अर्ध्या अंशाचे हे सरकणे हिशेबात सुमारे दीड टक्क्याची तफावत पाडते. आणि ती तफावत पहिल्या चुकीच्या उलट दिशेला, म्हणजे आकडा फुगविण्याच्या दिशेला असते, ही ह्यातली मौज. जुन्या काळी पुष्कळ मीटर अशा रीतीने दोन चुका एकमेकींना खाऊन बरे दिसत असले पाहिजेत. शास्त्रज्ञाला हे समाधान पुरत नाही, व्यापाऱ्याला पुष्कळदा पुरते.

शास्त्रज्ञांना ते पुरले नाही म्हणूनच पुढची वीस-पंचवीस वर्षे मोठ्या प्रयोगशाळांनी ह्या लहानशा कड्याचा पाठपुरावा केला. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथील राइखसान्स्टाल्ट १८८७ मध्ये, इंग्लंडची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा १९०० मध्ये आणि वॉशिंग्टनचा ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स १९०१ मध्ये स्थापन झाला होता. वॉशिंग्टनच्या अॅग्न्यूने १९११ मध्ये लोहऱ्हासाकडे विशेष लक्ष देऊन सीटीचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. शेरिंग आणि अल्बर्टी ह्या जर्मन जोडीने १९१४ मध्ये सीटीची दोन्ही प्रकारची चूक मोजण्याची जी पद्धत दिली तिने कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नगाची परीक्षा करणे व्यवहार्य झाले. ह्याचा अर्थ असा की, सीटी किती खोटे बोलतो हे आता दप्तरी नोंदवून ठेवता येऊ लागले. आणि खोटेपणाची मर्यादा एकदा लेखी झाली की तिच्या श्रेणी पाडणे आणि त्या श्रेणींवरून खरेदीचे करार करणे ओघानेच आले.

दरम्यान लोखंडही सुधारत होते. हॅडफील्डने सिलिकॉन मिसळलेले पोलाद आणले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते बाजारात रुळले. एल्मेनने अमेरिकेत निकेल-लोहाची पर्मअलॉय नावाची मिश्रधातू सिद्ध केली, १९२३ मध्ये इंग्लंडात म्यूमेटल आले, आणि १९३४ मध्ये नॉर्मन गॉसने एकाच दिशेला कण वळविलेल्या पोलादी पट्टीचे पेटंट घेतले. ह्या पट्टीची गुंडाळी करून कडे बनविले म्हणजे चुंबकीय रेषेला कोठेही सांधा लागत नाही. निकेलची धातू अल्प प्रवाहातही तत्पर असते परंतु लवकर तृप्त होते आणि महागही पडते. सिलिकॉनचे पोलाद स्वस्त, परंतु थोड्या प्रवाहात मंद. काही कारागीर दोन्हींची कडी एकत्र बसवीत. आणखी एक जुनी युक्ती अशी की, हिशेबाने २०० वेढे हवे असता १९८ किंवा १९९ च द्यायचे, म्हणजे लोखंडाने खाल्लेला प्रवाह वेढ्यांच्या कपातीने भरून निघतो. ह्याने आकड्याची चूक झाकली जाते, वेळेची चूक मात्र तशीच राहते.

वेढ्यांवरून आठवले म्हणून येथेच सांगतो, की ज्या कड्यातून मुख्य तार एकदाच जाते त्याच्या पदरी तिच्या अँपिअरइतकेच चुंबकनबळ पडते. ५० अँपिअरच्या तारेला ते फार तोकडे. सिलिकॉन पोलादाच्या काळात चांगल्या अचूकतेसाठी कित्येक शेकडे अँपिअर-वेढे लागत. म्हणून लहान प्रमाणाच्या सीटीत मुख्य तारेचेही वेढे देत, आणि आजही कुशल वायरमन १००/५ च्या कड्यातून तार दोनदा ओवून त्याचा ५०/५ करतो. चार आण्यांच्या तारेत साधणारी ही गोष्ट असून कित्येक ठिकाणी ती कोणाला सुचत नाही, आणि ५० अँपिअरच्या मोटारीवर २००/५ चा सीटी वर्षानुवर्षे बसून राहतो.

आता मुंबईकडे वळू. क्रॉफर्ड मार्केटात १८८२ साली विजेचे दिवे लागले होते, परंतु ते लावणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. विजेचा खरा व्यापार सुरू झाला तो १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाल्यावर. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्रामही धावू लागली. परंतु घरगुती दिव्यांना सीटीची जरूर लागत नाही. ती लागली गिरण्यांना. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पावसाचे पाणी अडवून, ते खोपोलीच्या बाजूस खाली सोडून, त्यावर वीज करायची आणि सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, ही टाटांची योजना १९१५ मध्ये फलद्रूप झाली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे तिला जोडली गेली. तोपर्यंत गिरणीचा मालक शक्तीसाठी कोळसा विकत घेत होता. कोळसा बंदरावर उतरे, त्याचे वजन होई, मुनीम रुजुवात घेई, आणि कमी भरला तर भांडावयास ढीग डोळ्यांसमोर असे. आता तोच मालक एका तारेतून येणाऱ्या अदृश्य मालाचे पैसे देणार होता, आणि त्या मालाचे वजन त्याने ठेवलेल्या माणसाने नव्हे तर विक्रेत्याने बसविलेल्या पेटीने करायचे होते. अशा व्यवहारात हजारो अश्वशक्तीचा हिशेब ५ अँपिअरच्या एका धाग्यावर लोंबकळत असतो. शेकडा एकाची चूक म्हणजे एका मोठ्या गिरणीच्या बाबतीत वर्षाअखेर लहानसहान रक्कम होत नाही.

कायद्याने ह्या धास्तीची दखल घेतली होती. १९१० च्या भारतीय विद्युत् अधिनियमातील २६ व्या कलमाने, उभयपक्षी वेगळा करार नसल्यास पुरविलेली वीज अचूक मीटरनेच मोजली जावी अशी तरतूद केली, आणि मीटरविषयी तंटा उपस्थित झाला तर त्याचा फैसला सरकारी विद्युत् निरीक्षकाकडे सोपविला. मीटर सदोष ठरला तर ह्या कलमाखाली सहा महिन्यांहून अधिक मागे जाऊन हिशेब उकरण्याची निरीक्षकाला मुभा नव्हती. अचूक म्हणजे किती अचूक, ह्याचा खुलासा १९५६ च्या नियमावलीतील ५७ व्या नियमात सापडतो: पूर्ण भाराच्या एकदशांशापासून पूर्ण भारापर्यंत मीटरची चूक शेकडा ३ हून अधिक नसली म्हणजे तो अचूक समजावा. अति उच्च दाबाच्या ग्राहकांसाठी ही मर्यादा शेकडा १ अशी कडक होती. नियम वाजवी होता, व्यवहाराला धरून होता. परंतु त्याने भाराचा खालचा एकदशांश हिशेबाबाहेर सोडला, आणि तेथे काय घडते ह्याविषयी मौन पाळले. माझ्या मते सीटी निवडण्याच्या आजच्या बहुतेक चुका ह्या मौनात जन्मल्या आहेत. कारण तपासणीत ज्याची विचारपूस होत नाही, खरेदीतही त्याचा विचार कोणी करीत नाही.

ठेकेदाराच्या कचेरीत बसून पाहिले की हे चटकन कळते. कारखान्याला आज ६० अँपिअर लागतात. मालक म्हणतो, पुढे यंत्रे वाढवायची आहेत. ठेकेदार म्हणतो, मग ४००/५ चेच बसवू, उगाच पुन्हा खर्च नको. मोठा घेतलेला सीटी जळत नाही, तापत नाही, तक्रार करीत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच चांगला वाटतो. परंतु ह्याच कारखान्यात रात्री पहारेकऱ्याचे दिवे, एक लहान पंप आणि कचेरीतील पंखे मिळून ८ अँपिअरचा भार असतो, म्हणजे ४०० चे शेकडा २. आता मानकात पाहावे. ०.५ वर्गाच्या सीटीला पूर्ण प्रवाहावर अर्धा टक्का, शेकडा २० वर पाऊण टक्का आणि शेकडा ५ वर दीड टक्का चूक माफ आहे. त्याखाली मानक काहीच म्हणत नाही. ज्या सीटीवर '०.५' असा ठसा पाहून मालक निश्चिंत झाला, त्याची हमी रात्रीपुरती संपलेली असते. दिवसा ६० अँपिअर असतानाही तो शेकडा १५ वरच चाललेला असतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा ठसा त्याला दिवसाही लागू पडत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९८० नंतर आंतरराष्ट्रीय मानकात ०.२एस आणि ०.५एस असे दोन वर्ग आले. ज्या मीटरांना ५ अँपिअरच्या मंडलात ५० मिलिअँपिअरपासून ६ अँपिअरपर्यंत नीट मोजता येते, त्यांच्यासाठी हे वर्ग योजिले होते, म्हणून त्यांची हमी शेकडा १ पासून सुरू होते. ०.५एस वर्गाला शेकडा १ वर दीड टक्का चूक माफ. वरच्या उदाहरणातील रात्रीचे ८ अँपिअर त्याच्या कक्षेत येतात. आपल्या देशात केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २००६ च्या विनियमांत ६५० व्होल्टच्या वरील ग्राहकांना ०.५एस आणि ३३ किलोव्होल्टच्या वर ०.२एस दर्जाचे मीटर ठरवून दिले, आणि सीटी मीटरहून कमी दर्जाचा नसावा असे सांगितले.

मीटर बदलला तशी आणखी एक जुनी सवय खोटी ठरली, आणि ती मात्र अजून मेलेली नाही. सीटीच्या मंडलात जोडलेली साधने आणि तारा मिळून जो बोजा होतो त्याला बर्डन म्हणतात आणि तो व्हीएमध्ये मोजतात. फिरत्या तबकडीचा मीटर, त्याच्या शेजारी काट्याचा अँपिअरमापक, आणखी एखादे नोंदणीयंत्र आणि मध्ये लांबलचक तारा, असा जुना सरंजाम होता, म्हणून १५ व्हीएचा सीटी मागविणे त्या काळी शहाणपणाचे होते. तारांचा वाटा तर किती असावा? २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, मीटरखोली १०० मीटर दूर, जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे सुमारे १.४ ओहम, ५ अँपिअरच्या वर्गाने तेथे ३५ व्हीए नुसत्या तारेत जळतात. १ अँपिअरचा सीटी घेतला तर त्याच तारेत दीड व्हीएही लागत नाही. विस्तीर्ण आवाराच्या उपकेंद्रांत १ अँपिअर रूढ झाला त्याचे कारण ह्या वर्गाच्या गणितात आहे. आणि जेथे मीटर सीटीच्या मांडीला मांडी लावून बसतो तेथे ५ अँपिअरच्या जुन्या रिवाजाला काही बाध येत नाही.

आजचा इलेक्ट्रॉनिक मीटर एक व्हीएही मागत नाही. तरीही मागणीपत्रांत '१५ व्हीए' हे शब्द पिढ्यान्पिढ्या उतरत आले आहेत. मागील निविदेची नक्कल करून पुढील निविदा काढण्याची आपल्या कचेऱ्यांची रीत त्याला कारण आहे. जास्त बर्डनचा सीटी घेतला तर नुकसान काय, असे कोणी विचारील. पहिले नुकसान असे की, सीटीची अचूकतेची हमी नेमून दिलेल्या बर्डनच्या शेकडा २५ ते १०० ह्या टप्प्यातच असते. १५ व्हीएच्या सीटीला १ व्हीएचा मीटर जोडला तर तो ह्या टप्प्याच्या खाली जातो. दुसरे नुकसान अधिक दाहक आहे. मापनाच्या सीटीचा एक गुण असा मानला आहे की, लाइनवर दोष होऊन प्रवाह अनेक पटींनी उसळला तर त्याचे लोखंड चटकन तृप्त व्हावे आणि मीटरकडे तो लोट जाऊ नये. ही पट ५ किंवा १० अशी सुरक्षा-गुणक म्हणून नेमपट्टीवर कोरलेली असते. परंतु ती नेमलेल्या पूर्ण बर्डनवर. समजा १५ व्हीए, ५ अँपिअर, सुरक्षा-गुणक ५ असा सीटी आहे आणि त्याच्या वेढ्यांचा रोध ०.२ ओहम आहे. नेमलेले बर्डन म्हणजे ०.६ ओहम, दोन्ही मिळून ०.८, प्रत्यक्षात जोडलेला १ व्हीएचा मीटर म्हणजे ०.०४, दोन्ही मिळून ०.२४. तेव्हा खरी पट ५ न राहता ५ गुणिले ०.८ भागिले ०.२४, म्हणजे सोळाच्या वर जाते. मीटर वाचविण्यासाठी कोरलेला आकडा अशा रीतीने मीटर जाळण्याचा परवाना होऊन बसतो. रिले चालविणाऱ्या संरक्षक सीटीचा धर्म ह्याच्या नेमका उलट असतो. त्याने दोषाच्या वेळीच जागे राहायचे असते. म्हणून पैसे वाचविण्यासाठी दोन्ही कामे एकाच गाभ्यावर लादणे हे मला कधीच पटलेले नाही.

निवड बिनचूक झाली तरी बसविण्यात ती वाया घालविता येते. तीन सीटींपैकी एकाच्या पी१ आणि पी२ ह्या बाजू उलटल्या तर समतोल भारावर दोघांचे अधिक आणि एकाचे उणे होऊन मीटर एकतृतीयांश वीज नोंदवितो, आणि तबकडी किंवा दिवा मात्र हौसेने फिरत-मिचकत राहिल्याने कोणाला शंका येत नाही. १००/५ च्या जागी २००/५ बसले आणि बिलाच्या खात्यात गुणक २० चा ४० करावयाचा राहिला, तर ग्राहकाला महिनोन्‌महिने अर्धेच बिल जाते. मग एके दिवशी तपासणी होते आणि सगळी थकबाकी एकदम पुढ्यात येते. आणि सीटीची दुय्यम टोके उघडी पडली तर हिशेबाचा प्रश्नच उरत नाही: मुख्य तारेचे सगळे बळ लोखंड चुंबकित करण्यात लागते, उघड्या टोकांवर जीवघेणा दाब चढतो आणि वेष्टन फुटते; म्हणून चाचणीच्या टर्मिनल ब्लॉकवर शॉर्टिंग लिंक आधी सरकवायची, मग मीटरचे स्क्रू ढिले करायचे, हा क्रम शिकाऊ वायरमनला पहिल्याच दिवशी पाठ करून घेतात.

गाभ्यावाचूनचा मार्गही फार पूर्वी सापडला होता. चॅटकने १८८७ मध्ये आणि रोगोव्स्कीने १९१२ मध्ये ज्या लोखंडरहित वेटोळ्यांचे वर्णन केले त्यांना तृप्तीचा रोग नाही. परंतु त्यांतून निघणारा संकेत इतका क्षीण असतो की इलेक्ट्रॉनिक साधने येईपर्यंत त्यांचा बिलाच्या व्यवहारात उपयोग नव्हता. लोखंडाच्या बाजूनेही १९८८ मध्ये जपानच्या हिताची मेटल्समधील योशिझावा आणि सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म कणांची मिश्रधातू पुढे आणून अल्प प्रवाहाचा पल्ला वाढविला.

तरी शेवटी प्रमाण ठरवावे लागतेच, आणि आपल्याकडे त्याची सगळ्यांत अवघड परीक्षा साखर कारखान्यांत होते. बगॅसवर वीज करणारा एखादा सहकारी कारखाना गाळपाच्या हंगामात ३३ किलोव्होल्टवर १५ मेगावॅट बाहेर पाठवितो असे धरले, तर तारेत सुमारे २६० अँपिअर वाहतात आणि ३०० चा सीटी शोभून दिसतो. हंगाम संपतो, चिमण्या थंडावतात, आणि वसाहतीचे दिवे व दुरुस्तीची कामे ह्यांसाठी तोच कारखाना त्याच तारेने १५० किलोवॅट उलट घेऊ लागतो. तेव्हा प्रवाह असतो अडीच अँपिअरच्या थोडा वर, म्हणजे ३०० च्या शेकडा एकाहून कमी, आणि एस वर्गाची हमीही तेथे पोहोचत नाही. हंगामाबाहेरच्या पुरवठ्यासाठी वेगळी जोडणी आणि वेगळा लहान सीटी घेणे हा त्यावरचा सरळ उपाय. दुसरा उपाय दुहेरी प्रमाणाच्या सीटीचा. परंतु त्यात ३०० वरून १५० वर टॅप बदलण्यासाठी वर्षातून दोनदा अधिकाऱ्यांना बोलावून सील तोडावे लागते, गुणकाची फेरनोंद करून दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि एवढे करून प्रवाह शेकडा पावणेदोनच्या आसपास येतो, जेथे ०.२एस वर्गाला पाऊण टक्क्यापर्यंतची चूक माफ आहे. कारखान्याच्या संचालकांना हा खटाटोप नको असतो, वेगळ्या जोडणीचा खर्च तर त्याहून नको असतो. म्हणून बहुधा ३०० चाच सीटी बारा महिने राहतो आणि उन्हाळ्यातील युनिटांचा आकडा जो येईल तो दोन्ही बाजू चालवून घेतात.